सोफ्यामागच्या भिंतीवर फ्लोटिंग शेल्फ किती उंचीवर आणि किती अंतराने लावावेत?

घोडबंदर रोडवरचा वन बीएचके, हॉलमध्ये सोफ्यामागे नऊ फुटी भिंत, त्यावर चार-चार फुटांचे तीन शेल्फ एकाखाली एक, मध्ये बारा-बारा इंच. वर पुस्तकं आणि थोड्या शोभेच्या वस्तू, असा तुमचा बेत आहे. मी ठाण्यात फ्लॅटच्या फर्निचरची कामं बघतो, म्हणून स्पष्टच सांगतो. सोफ्याच्या वर तीन नकोत, दोनच लावा. आणि पुस्तकं तिथे ठेवू नका.

सोफ्याची पाठ साधारण ३४ इंच असते. माणूस टेकून बसला की डोकं जमिनीपासून ४८-५० इंचांवर येतं. म्हणून खालच्या शेल्फचा तळ निदान ५४ इंचांवर हवा. सोफ्याच्या पाठीपासून दहा-बारा इंच वर लावा, असा सल्ला तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. फोटोत ते देखणं दिसतं, पण मान मागे टाकली की डोकं फळीवर आपटतं. आता ५४ वर पहिला शेल्फ, त्याची जाडी दीड इंच, वर बारा इंच मोकळे, म्हणजे दुसऱ्याचा तळ साडेसदुसष्टवर. तिसरा जातो ८१ वर. पाच फूट उंचीच्या बाईचा हात भिंतीला खेटून उभं राहिल्यावर सत्तरच्या थोडा वर पोचतो, आणि इथे तर मध्ये तीन फूट खोल सोफा आहे. घोडबंदरला खिडकी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत धुळीचा थर बसतो; दर वेळी सोफ्यावर चढून कोण पुसणार? पुस्तकांचं म्हणाल तर एक फूट रांगेचं वजन आठ-दहा किलो भरतं. चार फुटांचे झाले पस्तीस-चाळीस किलो, तेही बसलेल्या माणसाच्या डोक्यावर. तिथे फ्रेम, छोटी कुंडी, मुलांची पदकं ठेवा.

पुस्तकांसाठी जिथे समोर उभं राहता येतं अशी भिंत निवडा. तिसरा शेल्फ तिकडे न्या, जमलं तर आणखी दोन करा. रोज हात जाणारा शेल्फ कमरेपासून डोळ्यांपर्यंत, म्हणजे ३० ते ६० इंचांच्या पट्ट्यात असू द्या. घरात कोणाचा हात तिथे सगळ्यात जास्त जाणार ते बघा आणि त्या माणसाला भिंतीपाशी उभं करून माप घ्या. सुताराच्या उंचीवर जाऊ नका.

मधलं अंतर सारखं ठेवायचा अट्टहास सोडा. कथा-कादंबऱ्यांची नेहमीची मराठी पुस्तकं डेमी आकाराची, साडेआठ इंच उंच असतात. वर दीड इंच मोकळं हवं, नाहीतर पुस्तकाच्या माथ्यावर बोट अडकवून ते तिरकं करून ओढता येत नाही आणि माणूस कणा पकडून खेचतो. पुस्तकाची शिवण तिथूनच उसवते. म्हणून कादंबऱ्यांना दहा इंच पुरतात. दिवाळी अंक त्यांच्याहून इंचभर किंवा थोडे जास्तच उंच, त्यांना बारा द्या. ए-फोर फायली किंवा मोठी चित्रांची पुस्तकं असतील तर साडेतेरा. मोठं अंतर खाली, छोटं वर.

सुताराला माप देताना एक गोष्ट आवर्जून बोला: दहा इंच म्हणजे मोकळी जागा, की एका फळीच्या वरच्या पृष्ठभागापासून दुसरीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत? फळी दीड इंच जाडीची असेल तर हातात साडेआठच उरतात आणि कादंबरी घासून बसते. शिवाय माप टाइल्सपासून प्रत्येक टोकाला वेगळं घ्यायचं नाही. एकाच ठिकाणी घ्यायचं आणि तिथून स्पिरिट लेव्हलने रेघ ओढायची. जमीन दोन-तीन सूत इकडे-तिकडे असतेच.

भोकं पाडण्याआधी शेल्फच्या मापाची वर्तमानपत्रं कापून टेपने भिंतीवर चिकटवा आणि चार-सहा दिवस तशीच राहू द्या. घरातले येता-जाता आपणहून बोलतात, ‘हे जरा खाली घ्या’ म्हणून.

शेल्फची खोली आठ इंचांच्या पुढे नेऊ नका. फ्लोटिंग शेल्फला खालून टेकू नसतो, त्यामुळे फळी जितकी पुढे येते तितकी भिंतीतल्या स्क्रूंवरची ओढ वाढते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा बाजूला ड्रिल मारू नका, वायरिंगचे पाइप तिथूनच गेलेले असतात. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळा, प्लाय फुगतो.

ड्रिलमधून काय पडतं ते बघा. लाल भुकटी आली तर वीट, नेहमीची चांगली गिट्टी (भोकात बसवून स्क्रू घट्ट धरणारा प्लास्टिकचा प्लग) चालेल. करडी आली आणि ड्रिल अडायला लागलं तर काँक्रीट. हॅमर ड्रिल लागेल, पण पकड उत्तम मिळते. पांढरट, भुसभुशीत भुकटी आली तर सिपोरेक्स, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ब्लॉक; नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा तेच निघतं. त्यात साधी गिट्टी हळूहळू सैल होते. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडा आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणारे लांब नायलॉन अँकर किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का चिकटवलेला) वापरायला लावा, सुतार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.