फोटो फुकट पाठवण्यापूर्वी

तुम्ही काढलेला फोटो वर्तमानपत्रात नावासह छापून आला, याचा आनंद मी समजू शकतो. मात्र पुढचा फोटो पाठवताना मोबदला अवश्य मागा. घटना घडताना तिथे हजर असलेल्या माणसाची जागा कोणताही वृत्तछायाचित्रकार घेऊ शकत नाही, आणि ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत स्फोट झाले तेव्हा आतली दृश्ये प्रवाशांच्या मोबाईलमुळेच जगाला दिसली. त्यात गैर काहीच नाही. परंतु सभा, मोर्चे, सामने यांचेही फोटो फुकट मिळू लागले की पगारी छायाचित्रकार व्यवस्थापनाला जड वाटू लागतो. अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या वर्तमानपत्राने तर मे २०१३ मध्ये आपले सर्व पूर्णवेळ छायाचित्रकार एकदमच कामावरून कमी केले. फोटोतल्या माणसाला गाठून त्याचे नाव वहीत टिपणे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ त्यालाच दाखवून तपासणे आणि मगच फोटोओळ लिहिणे, हे काम त्यांच्याबरोबरच जाते, आणि मला सर्वाधिक खंत त्याचीच वाटते. म्हणून पाठवण्याआधी अटी वाचा, सर्व हक्क कायमचे मागणारे कलम असल्यास नकार द्या आणि मूळ फाइल स्वतःकडे जपून ठेवा.