मुरमाच्या उतारावर बी फवारताना

मे महिना लागला की हायड्रोसीडिंगचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. पाणी, गवताचं बी, लाकडाचा किंवा काथ्याचा बारीक तंतू, थोडं खत आणि चिकटण्यासाठी गवार गम, हे सगळं टाकीत घोळून पाइपने उतारावर मारायचं, एवढीच ही पद्धत. गोंधळ मात्र दरवर्षी नव्याने होतो.

फवारणी झाली त्या दिवशी उतार हिरवागार दिसत होता. आठ दिवसांत तपकिरी पडला. गवत मेलं का? (सोसायटी सचिव, बावधन)

मेलं नाही, अजून उगवलेलंच नव्हतं. कुठे मारलं आणि कुठे राहिलं हे पाइप धरणाऱ्याला दिसावं म्हणून स्लरीत, म्हणजे टाकीतल्या घोळात, रंग टाकतात, तो उन्हाने उडाला.

मुळशीत घरासाठी डोंगर कापला. कटिंग सहा मीटर उंच आहे, उतार एकास एक. वरच्या कडेला समांतर अशी बोटभर भेग दिसते. ठेकेदार म्हणतो, हायड्रोसीडिंग केलं की मुळं माती धरून ठेवतील. करावं का?

आत्ता अजिबात नाही. आणि हे वाचून झाल्यावर पहिला फोन भू-तांत्रिक अभियंत्याला करा, ठेकेदाराला नव्हे.

धूप वेगळी आणि घसरण वेगळी. पावसाचा थेंब आपटून वरची माती सुटते, ओघळ पडतात, ती धूप. फवारणी तिच्यावरचा इलाज आहे. घसरणीत मात्र एक-दोन मीटर खोलवरून, बहुतेक वेळा मऊ मुरूम आणि खालचा कातळ यांच्या सांध्यावरून, अख्खा थर सुटतो. पहिल्या पावसाळ्यात गवताची मुळं जेमतेम वीत-दीड वीत खोल जातात. घसरणारा थर त्यांच्या बराच खालून निघतो, म्हणजे मुळं मातीला धरत नाहीत, मातीबरोबर खाली येतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर दरड कोसळली, त्यानंतर तरी हा फरक पुणे जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागू नये.

तुमची भेग म्हणजे वरचा भाग सुटायला लागल्याची खूण. त्यात पाणी शिरलं की थराचं वजन वाढतं आणि आतली पकड कमी होते. अशा उतारावर तंतूचा थर मारला तर भेग बुजत नाही, नुसती दिसेनाशी होते, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. आजच भेगेत चिकणमाती ठासा, वरून ताडपत्री टाका, वरचं पाणी दुसरीकडे वळवा आणि कटिंगखाली कुणाला झोपू देऊ नका, मजुरांची पालंसुद्धा हलवा. पायथ्याशी माती फुगलीय का, पाणी झिरपतंय का, वरचा खांब किंवा झाड कललंय का, हे रोज बघा.

अभियंता बहुधा उतार दोनास एक करायला सांगेल, म्हणजे आडवं दोन, उभं एक. तुमच्या उंचीला त्यासाठी आणखी सहा मीटर जागा सोडावी लागते. ती कुणालाच सोडायची नसते, म्हणून फवारणीचा सोपा उपाय खपतो. जागा नसेल तर भिंत किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध), पण तेही त्याच्याच आराखड्याने. वरच्या कडेपासून दोन-तीन मीटर मागे पाणी अडवणारा पक्का चर हवा. कच्चा चर पाणी उतारातच जिरवतो, त्यापेक्षा नसलेला बरा. हे झाल्यावर चौरस मीटरला ७०० ग्रॅम वजनाची काथ्याची जाळी: माथ्याला फूटभर खोल चरात पुरलेली, पट्ट्या वीतभर एकमेकींवर आणि सगळीकडे मातीला घट्ट चिकटलेली. जाळी ताणून अधांतरी राहिली तर पाणी तिच्या खालून बोगदा करतं. फवारणीचा नंबर या सगळ्यानंतर लागतो.

मशीन जूनमध्ये मोकळं नाही. जुलैत पाऊस स्थिरावला की मारू, असं म्हणतात. थांबावं का? (तळेगाव)

थांबू नका, दुसरा माणूस बघा. गवार गम धरायला किमान चोवीस तास कोरडे लागतात, ते घाटाकडे जुलैत मिळणं कठीण. उतार आणि चर मेच्या मध्यापर्यंत, फवारणी मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. वळवाच्या एका सरीने कोंब आले आणि नंतर दहा दिवस ओढ दिली तर सगळं जळतं, म्हणून टँकर आधीच सांगून ठेवा. मुहूर्त चुकलाच तर यंदा जाळी आणि पेंढा टाकून माती वाचवा, बी पुढच्या वर्षी. सप्टेंबरची फवारणी म्हणजे पैसे वाया. मुळं खोल जायच्या आत पाऊस संपतो.

बियाण्यात राय गवत आणि कॉसमॉस देतो म्हणाले. लवकर हिरवं दिसतं म्हणे. (भूगाव)

बिलाच्या फोटोपुरतं दिसतं. राय गवत थंडीचं आहे, उन्हाळ्यात जळतं. केशरी कॉसमॉस दिवाळीच्या सुमाराला वाळून जातो आणि जमीन उघडी टाकतो. शिवाय पुण्याच्या टेकड्यांवर तो आधीच नको तितका माजलाय. पवना, मारवेल, डोंगरी, हरळी ही गवतं मागा, सोबत थोडं स्टायलो (शेंगवर्गीय चारा). वाळा हवा असेल तर तो ठोंबांनी लावतात, बियांनी नाही.

बी घेताना वर्ष विचारा. या गवतांचं नुकतं झाडलेलं बी सुप्तावस्थेत असतं, ते गेल्या हंगामाचं हवं. किलोवर जाऊ नका, कारण निम्मा तूसच असतो. शुद्धता ४० टक्के आणि उगवण ५० टक्के असेल तर किलोत कामाचं बी २०० ग्रॅम. ओल्या फडक्यात शंभर दाणे गुंडाळून पंधरा दिवसांनी मोजलेत तर विक्रेत्याशी वाद घालावा लागणार नाही. बी टाकीत सर्वांत शेवटी, आणि तासाभरात मारून संपवायचं. खताच्या पाण्यात भिजत पडलं तर उगवण घटते. खत किती, हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका.

दहा गुंठ्यांचा उतार दोन हजार लिटरच्या एका टाकीत उरकला. बरोबर आहे का?

नाही. तीव्र उताराला हेक्टरी साधारण ३५०० किलो तंतू लागतो, म्हणजे दहा गुंठ्यांना ३५० किलो, २५ किलोच्या चौदा गोण्या. हजार लिटरमध्ये साठ किलोच्या वर तंतू नीट घोळत नाही, तेव्हा पाणीच सहा हजार लिटरच्या आसपास हवं. तुम्हाला रंगीत पाणी मिळालं. पुढच्या वेळी रिकाम्या गोण्या मोजूनच सही करा. दोन्ही बाजूंनी मारलंय का तेही बघा. एकाच बाजूने मारलं की ढेकळांच्या आडोशाला कोरडी माती राहते. ठेकेदाराच्या बाजूनेही एक सांगतो: सातबाऱ्यावरचं क्षेत्र सपाटीचं असतं. दोनास एक उतारावर प्रत्यक्ष पृष्ठभाग १२ टक्के जास्त भरतो, तेवढं त्याला द्यायला हवं.

व्हॉट्सॲपवर कृती आली: रद्दीचा लगदा, शेण, फेव्हिकॉल, पाठीवरच्या पंपाने मारा. चालेल?

पंपाचं नोझल पहिल्याच मिनिटाला तुंबेल, आणि लगदा वाळला की पापड होतो, कोंब त्याच्याखाली अडकतात. दोन-तीन गुंठ्यांना मशीनही नको आणि कृतीही नको. उतार गुळगुळीत असेल तर दाताळ्याने आडव्या रेघा ओढा, बी फोका, वर गुंठ्याला चाळीस किलो भाताचा पेंढा आणि काथ्याची जाळी. मावळ-मुळशीत पेंढा मिळतो. उतार माणसाहून उंच असेल तर आधी कुणा जाणकाराला दाखवा.

जुन्या दगडखाणीत काळ्या कातळावर फवारता येईल?

कातळावर गवत उगवत नाही. आधी वीतभर माती, ती थांबायला बांध, मग बी. खाणीच्या उभ्या कड्याजवळ जाण्याआधी अभियंत्याला बोलवा.

फवारणीनंतर गुरं कधी सोडावीत?

दोन पावसाळे नाही. कापून खायला घाला.