आजीच्या ओव्या आणि लेकीची नोकरी

प्रश्न : मुलगी मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत तिने आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, आता गावातल्या इतर बायकांकडेही जाते. पुढे हेच करायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, बी.एड. कर. या कामावर पोट भरतं का? – एक आई, मुळशी तालुका

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिली आहे, ती मी तीनदा वाचली. फोन समोर धरला तेव्हा सासूबाईंना चार ओव्याही आठवेनात. मग लेकीने परसातलं जातं धुऊन ओटीवर मांडलं, समोर बसून खुंट्याला हात लावला आणि जात्यात वैरण (दळायचे दाणे) घालता घालता आजी दुपारभर गात राहिल्या. ओवी दंडात, मनगटात साठलेली असते. जातं फिरलं, समोर ओढायला दुसरी बाई असली की ती ओठांवर येते. तुमच्या लेकीला हे आपसूक कळलं. शिकवून सगळ्यांना येतं असं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी 1980च्या दशकात पुण्यातून असंच काम उभं केलं, तुमच्या मुळशीतल्या गावांतूनही. जमलेल्या 1 लाखाहून जास्त ओव्या आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) हाती आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासह येत आहेत. तिथल्या मुळशीच्या ओव्या आजींना ऐकवायला सांगा. आजी बहुधा म्हणतील, “आमच्यात असं नाही म्हणत,” आणि त्याच ओवीचा आपल्याकडचा पाठ सांगतील. तो तिथल्या तिथे नोंदवून घ्यावा.

आता पैशांचं. नुसत्या ओव्या गोळा करून दरमहा पगार मिळत नाही. मिळतात ते प्रकल्प, पाठ्यवृत्त्या, तेही काही महिन्यांचे. बाबांची काळजी रास्त आहे. पण मन नसताना बी.एड.ला दोन वर्षं घालवू नयेत. त्यापेक्षा जुने कागद आणि नोंदी जपण्याच्या कामाकडे वळावं. त्यासाठी इतिहासात एम.ए. करावं, सोबत मोडी लिपी शिकावी. नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची याच कामाची एक वर्षाची पदविका आहे. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. त्या जोरावर राज्याच्या पुराभिलेख विभागात, विद्यापीठांत, विक्रोळीच्या गोदरेजसारख्या कंपन्यांच्या संग्रहांत अर्ज करता येतो. मुंबईची ‘स्पॅरो’ ही संस्था 1988पासून बायकांच्या आठवणी आवाजात आणि चित्रांत जपते. तिथलं काम एकदा डोळ्यांनी पाहून यावं.

तोवर घरचंच काम नीट करू दे. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी. “ही ओवी कुणाकडून शिकलात?” हे दर वेळी विचारावं. आणि परवानगी! सासुरवासाच्या ओव्या बाई भरात गाऊन जाते, मग सून ऐकेल म्हणून रात्री तिला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन तिचं तिला ऐकवावं, ती नको म्हणाली तर पुसून टाकावं, कितीही सुंदर असलं तरी. घाई करणाऱ्यांमुळे गावं दार लावून घेतात, हे मी पाहिलं आहे.

एक राहिलं. त्या दुपारच्या नोंदीत तिने फक्त आजीचं नाव लिहिलं आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. समोर बसून जातं कोणी ओढलं, तेही लिहायला सांगा.