दादासाहेब गायकवाड आज कोणत्या गटात?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी नाशिकरोडला राहतो, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करतोय. १५ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जयंतीला आमच्या भागात वेगवेगळ्या रिपब्लिकन गटांचे फलक लागले होते. नेते निराळे, फोटो मात्र दादासाहेबांचाच. ते आज असते तर यांतल्या कोणत्या गटात बसले असते? की कुठेच नाही? – एक विद्यार्थी

उत्तर : कुठेच नाही, असं मला वाटतं. पण जुनी माणसं थोर आणि आजची सगळी बिघडलेली, असल्या हिशेबाने मी हे म्हणत नाही. दादासाहेब त्यांच्या हयातीतही स्वतःच्या पक्षात सगळ्यांना चालत होते असं नाही, हे आधी समजून घे.

रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, नागपूरला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले होते आणि शेजारच्या कोपरगावातून बी. सी. कांबळे. दोघेही बाबासाहेबांच्या हाताखाली तयार झालेले. दोन-एक वर्षांत पक्ष फुटला तो याच दोघांच्या नावाने. लोक त्या गटांना ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ म्हणत, दादासाहेबांचा नादुरुस्त.

भांडण कशावरून होतं, तेही बघ. कांबळे वकील होते आणि बाबासाहेबांच्याच एका भाषणावर बोट ठेवत. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की घटनात्मक मार्ग खुले झाले, आता सत्याग्रहाची वाट सोडली पाहिजे. दादासाहेब मात्र भूमिहीनांना घेऊन पडीक जमिनीवर उतरत होते, कम्युनिस्टांशी आणि समाजवाद्यांशी त्यांचं उठणं-बसणं होतं. हा माणूस बाबासाहेबांची वाट सोडून लाल झेंड्याकडे चालला, असा आरोप त्यांच्यावर स्वपक्षातूनच झाला. कांबळ्यांचा मुद्दा पोकळ होता असं मी म्हणणार नाही, भाषण तर छापलेलं आहे. पण दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावात जन्मलेल्या, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचं सचिवपद सांभाळलेल्या आणि बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना तो लढा नाशकात धरून ठेवलेल्या माणसाला कोर्टाची पायरी आणि रानाची वाट यांतलं अंतर जास्त नीट कळत होतं. रोजगारावर जगणाऱ्याला वकील परवडत नाही, हे त्याने पाहिलेलं होतं.

आता १९६४ कडे ये. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. त्या वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, दादासाहेबांच्या पुढाकाराने देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि फेब्रुवारी १९६५ पर्यंत चालला. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना चर्चा करावी लागली. मागण्या काय होत्या? कसेल त्याची जमीन. पडीक जमीन भूमिहीनांना. धान्याचं नीट वाटप आणि भाववाढीला आळा. झोपडपट्टीतल्यांची परिस्थिती सुधारणं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती. अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली न्याय. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र. यादी पुन्हा वाच. नोकऱ्यांतलं आरक्षण वेळेत पूर्ण करा, हेही तीत आहे. अमुक मतदारसंघ आम्हाला सोडा, असं एकही वाक्य नाही.

यांतल्या दोन मागण्या १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना पूर्ण झाल्या : तैलचित्र लागलं आणि केंद्राच्या यादीत बौद्धांना सवलती मिळाल्या. दादासाहेबांना जाऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. जमिनीची मागणी मात्र अजून तिथेच आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी सगळी नोकरी तलाठी म्हणून गेली, बरीचशी दिंडोरी आणि पेठ तालुक्यांत. गाव नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. गायरानात दोन-अडीच एकर कसणाऱ्यांची नावं त्या वहीत. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तेव्हा माणसं पुरावा म्हणून दंडाच्या पावत्या घेऊन यायची. सरकारने ज्या गुन्ह्यासाठी दंड केला, त्याचीच पावती आता त्यांच्या हक्काचा कागद झाली होती. एक म्हातारी बाई पदराच्या गाठीतून पावत्या सोडायची, वाचता येत नसूनही वर्षवार लावून. तिच्या नवऱ्याने चौसष्टच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिला होता. ‘दादांनी सांगितलं होतं, जमीन सोडायची नाही,’ एवढंच ती म्हणायची. बाकी कुठल्या पुढाऱ्याचं नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

महाराष्ट्र सरकारची योजना आहे दादासाहेबांच्याच नावाची : सबळीकरण आणि स्वाभिमान योजना. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. योजना चांगली आहे, मनापासून सांगतो. पण जमीन विकत घेऊन द्यायची म्हटल्यावर दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात सरकारी दराने एकर कोण सोडणार? हा प्रश्न विधानभवनाच्या दारात नेऊन बसेल असा गट मला आज दिसत नाही. गटांची बैठक जागावाटपाच्या आधी होते, निकालानंतर मोडते. रामदास आठवले २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत. बाकीचे कुणी या आघाडीत, कुणी त्या. दादासाहेब आले तर त्यांना कोणी बाहेर काढणार नाही. फलकावर मधोमध फोटो लावतील, व्यासपीठावर पहिली खुर्ची देतील. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात करायला काम मात्र देणार नाहीत, आणि त्यांना तर तेवढंच येत होतं.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा पायी गेला. वनजमिनीचा हक्क मागणारे त्यात हजारो आदिवासी होते, सुरगाण्याचे, पेठचे, दिंडोरीचे. झेंडे लाल. दादासाहेब असते तर ते नाशिकच्या सीबीएस चौकात त्या मोर्चात असते, याबद्दल मला शंका नाही. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पक्षातून कोणीतरी पत्रक काढलं असतं की हे बाबासाहेबांच्या वाटेने जात नाहीत.

प्रश्न : दादासाहेबांनीच १९६७ मध्ये काँग्रेसशी समझोता केला आणि पक्ष तिथेच संपला, असं आमचे आजोबा म्हणतात. तुम्हाला पटतं का? – एक वाचक, निफाड

उत्तर : अर्धं पटतं. समझोता झाला तो जिल्हा परिषदांच्या निवडणुकांसाठी. जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या होत्या. गावाची शाळा, विहीर, रस्ता यांचा पैसा तिथून वाटला जाऊ लागला होता. वस्तीवर विहीर हवी तर त्या सभागृहात आपलं माणूस हवं, हा विचार चुकीचा नव्हता. पक्षाचे दुसरे एक नेते रा. धों. भंडारे तर त्याआधीच, १९६६ मध्ये, थेट काँग्रेसमध्ये गेले होते; दादासाहेबांनी निदान पक्ष वेगळा ठेवला. १९५७ मध्ये ते काँग्रेसच्या विरोधकांबरोबर होते, १९६७ मध्ये काँग्रेसबरोबर. युती हा त्यांना विटाळ कधीच नव्हता. युती केली की कोणी त्यांच्या नावाने गळा काढतो, ते मला खोटं वाटतं.

नुकसान दुसरीकडे झालं. समझोते पुढे चालू राहिले, चौसष्टसारखा सत्याग्रह पुन्हा झाला नाही. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती या पक्षावरच्या रागातूनच. युतीत बळ नसतं असंही नाही : १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी जुळवून लढले आणि प्रकाश आंबेडकर, आठवले, कवाडे, गवई असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. वर्षभरात पुन्हा फाटाफूट.

आजोबांना माझा नमस्कार सांगा, आणि विचारा की चौसष्टच्या डिसेंबरात ते कुठे होते. सत्याग्रहात असतील तर कोणत्या गावात, कोणाबरोबर, कोणत्या तुरुंगात ठेवलं, किती दिवस, हे त्यांच्या शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात या सदराची जागा त्यांची.