पात्राच्या कपाळावरचा शिक्का

या महिन्याच्या टपालातले पाच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: रोल-प्लेइंग गेममधल्या पात्राचा बरेवाईटपणा नियमांत कसा धरायचा? त्यामुळे आजची सगळी जागा त्यांनाच.

प्रश्न: आम्ही सांगलीचे तीन मित्र युनिटी या गेम-इंजिनवर एक छोटा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) बनवतोय. नायक आहे पेशवाईच्या उत्तरकाळातला एक बारगीर. फौज सोडून तो दुष्काळातल्या माणदेशातून घरी निघालाय. त्याला उणे १०० ते अधिक १०० असं पाप-पुण्याचं मीटर दिलंय. पण ज्यांना खेळायला दिलं ते सगळे संवाद न वाचताच हिरव्या रंगातला पर्याय दाबतात. मीटरमध्ये काय सुधारणा करावी?

मीटर काढून टाका. रंगही काढा.

तुमचे मित्र आळशी नाहीत. गेमने त्यांना जे शिकवलं तेच ते करताहेत. पर्यायाला रंग दिला की वाक्य वाचायचं कारण उरत नाही, आणि आकडा दाखवला की खेळणारा माणूस सोडून आकड्याशी खेळायला लागतो. मोठमोठ्या गेम्सचंही हेच झालंय. २००३ च्या नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक या स्टार वॉर्सच्या गेममध्ये उजेडाची बाजू वाढली की त्या बाजूच्या शक्ती स्वस्त पडतात आणि अंधाराच्या महाग. मास इफेक्ट २ मध्ये दोन साथीदारांचं भांडण कुणालाही न दुखावता मिटवायचं असेल, तर पॅरागॉन (सज्जन) किंवा रेनेगेड (बेदरकार) यांपैकी एक स्कोअर चांगलाच वर असावा लागतो. मग खेळणारा पहिल्या तासातच ठरवतो, मी पॅरागॉन, आणि पुढचे तीस तास एकाही प्रसंगात विचार करत नाही. मधल्या वाटेने जाणाऱ्याला दोन्हीकडची दारं बंद. प्रसंग पाहून वागणं हे खरं तर शहाणपणाचं, आणि नेमकी त्यालाच तिथे शिक्षा आहे. हे मला फार खुपतं.

रिचर्ड गॅरियटचा १९८५ चा अल्टिमा ४ नक्की पाहा. त्यात मारायला शेवटचा खलनायक नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हेच ध्येय. जादूसाठी लागणारी वनस्पती-द्रव्यं विकणाऱ्या बायका आंधळ्या आहेत. त्या किंमत सांगतात आणि किती नाणी ठेवायची ते तुम्ही टाइप करायचं. कमी ठेवली तरी माल मिळतो, कुणी ओरडत नाही, पडद्यावर लाल अक्षरं येत नाहीत. आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा घटलेला असतो. आपण कुठवर आलो हे कळायला राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे जावं लागतं, आणि तो आकडा सांगत नाही, वाक्यात बोलतो. तेव्हाच्या संगणकाची मेमरी किती तोकडी होती! तरीही खेळणाऱ्याला एकटं सोडून त्याची परीक्षा पाहायचं हे धाडस त्यांनी केलं.

आता तुमच्या बारगिराकडे येते. माणदेशात दुष्काळ म्हणजे तुमच्या हातात एक जबरदस्त वस्तू आहे: पेव. समजा, पाटलाने जमिनीखालच्या पेवात ज्वारी दडवून ठेवली आहे आणि ती जागा बारगिराला कळली. सध्याच्या रचनेत तुम्ही ‘गावाला सांगा, अधिक १५’ आणि ‘गप्प राहा, उणे १०’ असं लिहिलं असणार. आता आकडे पुसा आणि माणसं मांडा. ती ज्वारी पाटलाने पुढच्या पेरणीचं बी म्हणून राखली आहे. गावकुसाबाहेरच्या वस्तीला आज खायला नाही. बारगिराला वाट दाखवणारा पोरगा त्याच वस्तीतला. बी खाल्लं तर पुढच्या वर्षी अख्खं गाव उठून जाईल, राखलं तर या महिन्यात माणसं मरतील. कुठल्या पर्यायाला हिरवा रंग देणार?

कोडमध्ये एक साधा तक्ता ठेवा. काय केलं, कुठे केलं, कुणी पाहिलं आणि बातमी कुठवर पोचली, एवढे चार रकाने पुरेत. रात्री कुणी न पाहता पेव फोडलं तर पाटलाचा संशय दुसऱ्याच कुणावर जाऊ द्या. आठवडी बाजार भरला की बातमी शेजारच्या गावी जाऊ द्या. फॉलआउट: न्यू व्हेगासने २०१० मध्ये जवळपास हेच केलं. जुना कर्माचा आकडा त्यांनी ठेवला, पण त्यावाचून फारसं काही अडत नाही. खरा जीव आहे तो प्रत्येक गटाच्या मनातल्या तुमच्या प्रतिमेत. तिथे कीर्ती आणि अपकीर्ती वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे दहा उपकार करून एक खून पुसता येत नाही. लोक दोन्ही लक्षात ठेवतात आणि तुमच्याशी बिचकून वागतात. तुमच्या मीटरमध्ये मात्र भिकाऱ्याला चार वेळा पैसे दिले की खुनाची भरपाई होते. याच कारणासाठी मीटर जायला हवं.

पुण्यात आमच्या रविवारच्या टेबलावर, म्हणजे समोरासमोर बसून खेळायच्या गेममध्ये, मी हे कागदावर करते. प्रत्येक एनपीसीचं (खेळणाऱ्यांऐवजी मी चालवते त्या पात्राचं) एक कार्ड असतं आणि त्याच्या मागच्या बाजूला ‘याने काय पाहिलं’ एवढाच मथळा. पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, परत त्या गावात आली की मी कार्ड उलटते आणि तिथे जे असेल त्यावरून बोलते. एका सराईवालीने पार्टीतल्या धर्मगुरूला जखमी कैद्याच्या तोंडचं पाणी हिसकावताना पाहिलं होतं. पुढे तो त्या प्रदेशाचा तारणहार ठरला, त्याच्या नावाने जत्रा भरली, पण ती बाई त्याला शेवटपर्यंत आपल्या हाताने पाणी देईना. धर्मगुरूचं पात्र चालवणारी मुलगी तिची समजूत काढायला पुन्हा पुन्हा त्या सराईत जात राहिली. तिला तसं करायला सांगणारा कुठलाही नियम नव्हता.

प्रश्न: परिणाम कितीही मोठा ठेवला तरी खेळणारे जुनी सेव्ह लोड करून दुसरा पर्याय घेतात. यावर काही इलाज?

परिणाम लांबवा. २००७ च्या द विचरमध्ये पहिल्याच प्रकरणात नदीकाठी शस्त्रांच्या पेट्या राखायचं काम येतं. बंडखोर एल्फ येऊन त्या मागतात आणि पेट्या द्यायच्या की नाही हे तुम्ही ठरवता. दिल्या तर पुढच्या प्रकरणात, शहरात, तुम्हाला हवा असलेला एक माणूस मारला गेलेला आढळतो. मधे कित्येक तास गेलेले असतात, आणि तेवढं मागे जायला कुणी तयार नसतं. मात्र दुवा स्पष्ट दाखवा. परिणाम आणि कृती यांचा संबंधच खेळणाऱ्याला कळला नाही तर त्याला तो निव्वळ अपघात वाटेल.

प्रश्न: नागपूरला आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या आरपीजीचा) ग्रुप आहे, मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आहे. एका मित्राचं पात्र ‘रोग’ (rogue, चोर-लफंगा) आहे, आणि त्याचं अलाइनमेंट, म्हणजे शीटवरचा स्वभावाचा शिक्का, ‘केऑटिक न्यूट्रल’: बेबंद, ना चांगला ना वाईट. तो पार्टीतल्याच लोकांचं सोनं चोरतो, बोलणी चालू असताना राजदूतावर सुरा फेकतो, आणि विचारलं की म्हणतो, “माझं पात्रच तसं आहे, शीटवर लिहिलंय.” नियमाने त्याला कसं अडवू?

नियमाने अडवू नका, कारण हा नियमाचा प्रश्न नाही. पात्र कुणी लिहिलं? त्यानेच. त्या पात्राने चोरी करायची हे आज संध्याकाळी कुणी ठरवलं? त्यानेच. शीटवरचे दोन शब्द त्याला काहीही करायला लावत नाहीत, आणि हे त्याला बाजूला बसवून मित्राच्या नात्याने सांगायला हवं. टेबलावर सगळ्यांसमोर नको.

त्याला थोडा इतिहासही सांगा. १९७१ च्या चेनमेल या युद्धखेळात आणि १९७४ च्या पहिल्या डी अँड डीमध्ये फक्त लॉ (शिस्त), न्यूट्रल (तटस्थ) आणि केऑस (अनागोंदी) होते, आणि त्यांचा अर्थ बराचसा ‘लढाईत तू कुठल्या बाजूला’ एवढाच होता. या दोन बाजूंची कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कादंबऱ्यांतून आली. चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष गॅरी गायगॅक्स यांनी १९७६ च्या एका लेखात मांडला, आणि १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात दोन्ही अक्षांवरच्या तीन-तीन घरांच्या मिळून नऊ चौकटी पक्क्या झाल्या. पुढच्याच वर्षीच्या डीएमच्या पुस्तकात तर अलाइनमेंट बदललं की एक लेव्हल गमवावी लागे. म्हणजे सैन्याची बाजू होती, तिचा स्वभाव झाला आणि मग त्या स्वभावाला दंड लागला. मला हा प्रवास उलट्या दिशेचा वाटतो. माणसाचं मन पालटणं हा गोष्टीतला सर्वात मोलाचा क्षण, आणि नियम त्याच क्षणी दंड वसूल करणार! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नऊ चौकटी आहेत, पण पात्राच्या ताकदीशी त्यांचा संबंध जवळजवळ उरलेला नाही. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धासुद्धा आता आपल्या शपथेला बांधलेला असतो, ‘लॉफुल गुड’ या शब्दांना नाही.

पुढच्या बैठकीत सगळ्यांच्याच शीटवरची ती ओळ खोडा आणि तिथे प्रत्येकाकडून दोन वाक्यं लिहून घ्या: ‘मी कुणासाठी जीव धोक्यात घालेन’ आणि ‘कोणती गोष्ट मी कधीच करणार नाही’. पहिल्या वाक्यात पार्टीतल्या निदान एकाचं नाव हवंच. ज्या ‘रोग’ने आपल्या बार्डसाठी, म्हणजे टोळीतल्या गाणारीसाठी, जीव द्यायचं लिहून दिलंय, त्याला तिचीच थैली मारणं अवघड जातं. आणि मारली, तर त्या दोघांत जे होईल ते खेळण्यासारखं असेल. एवढं करूनही तो राजदूतावर सुरे फेकत राहिला, तर त्याला वेगळ्या प्रकारचा खेळ हवाय. मग दोघांनी मिळून तसं मान्य करा.

प्रश्न: महाभारतावर आधारित टेबलटॉप गेम लिहितेय. कर्णाला नऊपैकी कुठल्या चौकटीत टाकू? दर वेळी वाद होतो. (ठाणे)

वाद होणारच. दानात पाहिलं तर तो लॉफुल गुड, द्यूतसभेत द्रौपदीला जे बोलला ते ऐकलं तर ईव्हिल, परशुरामांशी खोटं बोलून विद्या मिळवली ते धरलं तर लॉफुलही नाही. नऊ चौकटी एका माणसाबद्दल एकच प्रश्न विचारतात, आणि कर्णाचं सगळं आयुष्य दोन खऱ्या उत्तरांच्या मधोमध गेलेलं आहे.

तुम्हाला हवी ती यंत्रणा ग्रेग स्टॅफर्ड यांच्या पेनड्रॅगनमध्ये आहे. १९८५ चा हा गेम आर्थर राजाच्या सरदारांचा, पण त्याचा सांगाडा आपल्या गोष्टींना विलक्षण चपखल बसतो. त्यात स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: उदार-स्वार्थी, क्षमाशील-सूडबुद्धी, सच्चा-कपटी, दयाळू-क्रूर अशा. प्रत्येक जोडीची बेरीज २०, म्हणजे एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच उतरते. कसोटीच्या वेळी वीस बाजूंचा फासा टाकायचा. गुण १६ किंवा जास्त असेल तर फासा टाकणं टळत नाही, कारण ज्याची ख्याती झाली त्याला तिच्यापासून सुटका नसते. शिवाय पॅशन्स वेगळ्या: धन्यावरची निष्ठा, घरच्यांवरचं प्रेम, एखाद्याचा द्वेष. त्यांनाही आकडे असतात.

आता मांडा कर्ण. उदार १९, स्वार्थी १. क्षमाशील ५, सूडबुद्धी १५. दुर्योधनावर निष्ठा १८, राधा-अधिरथांवर प्रेम १७, अर्जुनाचा द्वेष १८. याचक कवच-कुंडलं मागायला येतो. सूर्याने स्वप्नात आधीच सावध केलेलं आहे, समोरचा ब्राह्मण म्हणजे इंद्र हे कर्णाला माहीत आहे. तरी उदार १९ चा फासा टाकावाच लागतो, आणि तो फसायला २० च पडायला हवा. टेबलावरच्या सगळ्यांना ते दिसतं. कुणी कर्णाला चौकट न देताही सगळ्यांना तो कळतो.

उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगून ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो, तो प्रसंग मात्र फाशावर सोडू नका. तिथे आकडे नुसते समोर ठेवा, निष्ठा १८, प्रेम १७, आणि खेळणाऱ्याला विचारा. फासा कधी टाकायचा आणि कधी हात आवरायचा, हा तुमच्या गेममधला सर्वात कठीण निर्णय असेल. माझी रीत अशी: जे पात्राच्या हातून सवयीने घडतं तिथे फासा, आणि जिथे पात्र स्वतःला नव्याने घडवतंय तिथे माणूस.

एक विनंती. ‘धर्म’ नावाचा एकच आकडा करू नका. भीष्माची प्रतिज्ञा, कुरुकुलाचं रक्षण आणि सभेतल्या सुनेची लाज या तिन्ही गोष्टी त्याचा धर्मच होत्या, आणि त्या एकमेकींना आडव्या आल्या. तिघींना वेगळे आकडे द्या.

प्रश्न: मी रत्नागिरीत शाळेत शिकवते. शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांना सोपं डी अँड डी खेळवते. गुहेतले गोब्लिन हरल्यावर आत त्यांची पिल्लं सापडली. पुस्तकात गोब्लिन ‘ईव्हिल’ लिहिलेत, म्हणून दोन मुलं म्हणाली मारून टाकू, एक मुलगी रडायला लागली. खेळ तिथेच थांबवला. पुढच्या शनिवारी काय सांगू?

थांबवलंत हे उत्तम केलंत. सुरुवात त्या मुलीपासून करा. तिला जे वाटलं ते खेळाच्या आतलंच होतं, तिने खेळ बिघडवला नाही, हे तिला सगळ्यांसमोर कळू द्या. त्या दोघांना रागावू नका. ते पुस्तकात लिहिलंय तसंच वागत होते.

पुस्तकाचा आधार तुमच्याही बाजूने आहे. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की राक्षसांचं दिलेलं अलाइनमेंट ही नेहमीची स्थिती आहे, डीएम ते बदलू शकतो. २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क आणि ड्राउ या काल्पनिक जमातींना जन्मतःच वाईट दाखवणं सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि २०२४ च्या हँडबुकात ऑर्क हे खेळणाऱ्यांनी निवडायचं पात्र झालंय. तेव्हा मुलांना सरळ सांगा की आपल्या टेबलावर कुणीही जन्मतः वाईट नाही. वाईट ते कृत्य.

मग खेळ त्याच गुहेत, त्याच क्षणी सुरू करा, पण पिल्लांचं काय करायचं हा प्रश्न लगेच टाकू नका. आधी एक म्हातारी गोब्लिन आतून बाहेर येऊ द्या आणि तिला विचारू द्या, “आमच्या माणसांना तुम्ही का मारलंत?” मुलांना उत्तर द्यावं लागेल, आणि गोब्लिनांनी गावातल्या बकऱ्या का पळवल्या हे त्यांना तिच्याकडून ऐकावंही लागेल. त्या दोन मुलांना या बोलण्यात पुढे ठेवा. भाषा येणारं पात्र त्यांच्यापैकी एकाकडे असेल तर फारच चांगलं. तास संपेपर्यंत निर्णय झाला नाही तरी चालेल, त्यांना आठवडाभर त्यावर भांडू द्या. म्हातारीच्या कार्डामागे आत्ताच लिहून ठेवा: एक मुलगी रडली, हे हिने पाहिलं.