शाळेच्या वायफायवर डीएनएस बदलला तरी बंद साइट उघडत नाहीत, आणि फोनला तर नेटच येत नाही. असं का होतं?

अकरावीत आहेस म्हणतोस, म्हणून एकेरीतच लिहितो. मी एका निवासी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबचं आणि वायफायचं काम बघतो, म्हणजे तुझ्या गोष्टीतल्या खलनायकाच्या बाजूचा माणूस. शाळा तुझी नव्हे, दुसरी. पण फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या गेटवर ये-जा तपासणारी यंत्रणा, सगळीकडे साधारण सारख्याच वागतात.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारी सेवा. तू दोन गोष्टी सांगितल्यास. जाहिराती थांबवायला फोनच्या प्रायव्हेट डीएनएसच्या रकान्यात अ‍ॅडगार्डचा पत्ता टाकलास. तो घरी झकास चालतो, पण हॉस्टेलच्या वायफायवर फोन म्हणतो 'कनेक्टेड, इंटरनेट नाही'. लॅपटॉपवर ८.८.८.८ टाकलास, तिथे नेट चालतं, पण बंद साइट बंदच. दोन्हीकडे डीएनएसच बदलला आणि परिणाम मात्र वेगवेगळे.

आधी लॅपटॉप घेऊ. ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून चालू आहे. साइटचं नाव टाकलंस की लॅपटॉप त्याला विचारतो, 'या नावाचा आयपी काय?' ही विचारणा उघड्या मजकुरात, ५३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे एकेका कामासाठी ठरलेलं नंबरचं दार) जाते. डीएनएसची मूळ रचना १९८३ची, त्यात लपवाछपवीची सोयच नव्हती. त्यामुळे शाळेच्या फायरवॉलला एक नियम पुरतो: ५३ वर जे काही बाहेर निघेल, ते कुणाच्याही नावाने असो, आपल्याच डीएनएसकडे वळव. पोस्टकार्ड समज. तू पुण्याच्या मामाला कार्ड लिहून गेटवर दिलंस. शिपायाने ते वाचलं, उत्तर स्वतःच लिहिलं आणि खाली सही मामाची ठोकली. लॅपटॉप खूश, की उत्तर ८.८.८.८ कडून आलं.

खरं वाटत नसेल तर करून बघ. कमांड प्रॉम्प्ट उघड आणि एनएसलुकअप, मग कुठल्याही साइटचं नाव, मग १९२.०.२.१ असं टाक, मध्ये एकेक जागा सोडून. हा पत्ता पुस्तकांत उदाहरणं देण्यासाठी राखून ठेवलेला आहे; त्यावर डीएनएस सोड, कुठलंच मशीन नसतं. घरून विचारलंस तर बराच वेळ वाट बघून 'टाइम आउट' येईल. हॉस्टेलवरून विचारल्यावर उत्तर आलं, तर समज की मुळात नसलेल्या मामाचीही सही शिपाई करतो.

आता फोन. प्रायव्हेट डीएनएस (मराठी मेनूत 'खाजगी डीएनएस') अँड्रॉइड ९ मध्ये, म्हणजे २०१८ साली आला. इथे पोस्टकार्ड नाही, लाखेने बंद केलेलं पाकीट आहे. विचारणा सांकेतिक करून ८५३ नंबरच्या पोर्टवरून जाते, आणि पलीकडचा सर्व्हर खरोखर अ‍ॅडगार्डचाच आहे ना, हे फोन त्याच्या प्रमाणपत्रावरून तपासतो. शिपायाला वाचता येत नाही, खोटी सहीही चालत नाही. मग तो एकच करतो: पाकीट बाहेर जाऊ देत नाही. ८५३ बंद, विषय संपला.

यात अँड्रॉइडचा हट्टीपणा मिळव. तिथे नाव लिहून दिलंस, की 'यालाच विचारणार, दुसऱ्या कुणाला नाही' अशी शपथ तो घेतो. तो सर्व्हर भेटला नाही तर साध्या डीएनएसवर परत येत नाही, कारण मग सुरक्षेला अर्थच उरला नसता. कुठल्याच साइटचा आयपी मिळत नाही, आणि वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या असून नेट मेल्यासारखं वाटतं. वर ही सेटिंग एका वायफायपुरती नसते, अख्ख्या फोनला लागू होते. आयफोनमध्ये वायफायच्या पानावर हाताने टाकलेला डीएनएस त्या एका नेटवर्कपुरता राहतो. तुझ्या वर्गातल्या आयफोनवाल्याला त्रास नाही आणि तुला आहे, याचं कारण हेही असू शकेल.

उपाय एका मिनिटाचा आहे. प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर ठेव. मग फोन त्या नेटवर्कच्याच डीएनएसशी सांकेतिक बोलायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर साधं बोलतो. जाहिराती दिसतील, पण नेट चालेल. घरी गेल्यावर पत्ता परत टाक.

हे तू कुठल्या व्हिडिओत बघितलं असशील, तर त्यात बहुधा दुसरी युक्तीही असेल: वायफायच्या आयपी सेटिंगमध्ये 'स्टॅटिक' निवडून खाली डीएनएस टाकायचा. ती कृपा करून करू नकोस. स्टॅटिक म्हटलं की फोनला आयपीही तूच द्यायचा असतो, आणि पोरं मनाला येईल तो आकडा टाकतात. आमच्याकडे एकाने टाकलेला आकडा नेमका ऑफिसच्या प्रिंटरचा निघाला. सहामाहीच्या गुणपत्रिका छापायच्या दिवशी प्रिंटर कधी सापडायचा, कधी गायब. मी दोनदा केबल बदलली, एकदा प्रिंटर उघडून बसलो. संध्याकाळी वायफायला जोडलेल्या मशीनची यादी बघताना कळलं, की प्रिंटर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत झोपलाय आणि रील्स बघतोय.

पोरांनाच कशाला नावं ठेवू? मी स्वतः एकदा, ५३ वळवायचा नियम लावण्याआधी, आमच्या नेटवाल्याचा डीएनएस वरचेवर झोपतो म्हणून, लॅबच्या तीसच्या तीस मशीनवर हाताने ८.८.८.८ टाकून मोकळा झालो होतो. पुढे ऑनलाइन चाचणीसाठी शाळेतच एक सर्व्हर लावला, त्याला छानसं नाव दिलं. ते नाव फक्त शाळेच्या डीएनएसला माहीत; गूगलला काय कप्पाळ माहीत असणार! चाचणीच्या सकाळी तीस पोरं आणि तीस स्क्रीनवर 'सर्व्हर सापडला नाही'. एकेका मशीनवर जाऊन 'आपोआप घ्या' करत फिरलो, चाचणी पाऊण तास उशिरा सुरू झाली. तेव्हा लॅपटॉपवरही डीएनएस आपोआपच राहू दे. प्रिंटर, शाळेचं पोर्टल, वायफायचं लॉगिन पान, हे सगळं बऱ्याचदा त्याच्यावरच टेकलेलं असतं.

पुढचा प्रश्न मला दिसतोच आहे: ब्राउझरमधला 'सुरक्षित डीएनएस' वापरला तर? तो ४४३ नंबरच्या पोर्टवरून, बाकीच्या वेबच्या गर्दीत मिसळून जातो, त्यामुळे अडवायला अवघड, हे खरं. पण अशा नावाजलेल्या सर्व्हरची यादी फायरवॉलकडे असते. फायरफॉक्स तर स्वतःहून हा डीएनएस चालू करण्याआधी एक ठरावीक नाव नेटवर्कला विचारून बघतो, आणि 'असं नाव नाही' असं उत्तर आलं की आपणहून माघार घेतो. समज, यातूनही सुटलास आणि खरा आयपी मिळाला. तरी साइटशी पहिली ओळख करून देताना ब्राउझर बहुतेक वेळा तिचं नाव उघडपणेच सांगतो. फायरवॉल तिथे कान देऊन उभी असते. पत्ता मिळाला म्हणून दार उघडलं असं नाही. ते व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या घरी फिल्टर निव्वळ डीएनएसवर असतो, म्हणून त्यांचं जमतं. व्हीपीएनबद्दल, म्हणजे सगळं नेट सांकेतिक करून दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सोयीबद्दल, मी काही सांगणार नाही. हॉस्टेलचा नियम तुला ठाऊक आहे. फुकटच्या व्हीपीएनवाल्याला मात्र तू कुठे कुठे जातोस ते सगळं दिसतं, एवढं ध्यानात ठेव.

तू ओझरतं लिहिलंयस, की यूट्यूबवर कमेंट दिसत नाहीत. तोही डीएनएसचाच खेळ. यूट्यूबचा आयपी विचारल्यावर शाळेचा डीएनएस गूगलनेच यासाठी दिलेला वेगळा आयपी देतो, २१६.२३९.३८.१२० किंवा शेवटी ११९. तिथून गेलास की प्रतिबंधित मोड लागतो, कमेंट जातात आणि काही अगदी निरुपद्रवी व्हिडिओही जातात. एनएसलुकअपने यूट्यूबचा आयपी विचारून बघ, यांतला एखादा दिसेल.

आता माझं मत. फिल्टर असावा या बाजूचा मी आहे, पण मुकाट्याने अडवणारा फिल्टर मला पटत नाही. साइट का बंद आहे आणि कुणाला विचारायचं, हे मुलांना कळायला हवं. साइटचे वर्ग यंत्र पाडतं आणि ते चुकतं. आमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिकांची एक साइट 'फाइल डाउनलोड'मध्ये पडून बंद झाली होती, आणि प्रजननाच्या धड्यासाठी लागणारं एक पान 'प्रौढांसाठी'मध्ये. दोन्ही मी उघडली, कारण कुणीतरी येऊन सांगितलं. नुसतं 'सर, नेट चालत नाही' म्हणालास तर मी काय शोधू? पूर्ण पत्ता, किती वाजता अडलं, कुठल्या विषयाला हवंय, एवढं कागदावर लिहून दे, आणि जमलं तर त्या विषयाच्या सरांची सही घे. लॉगमधून ती नोंद मला दोन मिनिटांत सापडते.

ऑटोमॅटिक करूनही फोन 'इंटरनेट नाही'च म्हणाला, तर वायफाय 'विसरा' करून पुन्हा जोड. लॉगिन पान अडकलेलं असेल तर वर येईल. तरीही नाही जमलं तर १९२.०.२.१ वाल्या चाचणीचं उत्तर इथे खाली लिही, मग पुढचं बघू.