संग्राहकांचे प्रश्न : जर्मन छत्रीसैनिकाचा टोप, झगा आणि बिल्ला

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन छत्रीसैनिकांचे, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी घेणाऱ्या सैनिकांचे, साहित्य मी नुकतेच जमवू लागलो आहे. एका विक्रेत्याकडे १९३८ च्या नमुन्याचा पोलादी टोप पाहिला. रंग बराच उडालेला आहे, आत चामड्याचे अस्तर आहे आणि एका बाजूला गरुडाचे चित्र आहे. तो क्रीटच्या लढाईतून आलेला आहे, असे विक्रेता सांगतो. टोप अस्सल आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : क्रीटची गोष्ट तूर्त बाजूला ठेवावी. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीसैनिक त्या बेटावर उतरले, हा इतिहास आहे. हाच टोप त्यांतल्या एकाच्या डोक्यावर होता, हे मात्र विक्रेत्याचे म्हणणे आहे. क्रीटचे नाव चिकटले की किंमत चढते, आणि नाव चिकटवायला काही खर्च येत नाही.

या टोपाचा आकार उडीच्या गरजेतून आला आहे. पायदळाच्या टोपाला कानांवर आणि मानेवर उतरणारी पसरट कड असते. छत्रीच्या दोऱ्या त्या कडेत अडकू नयेत म्हणून छत्रीसैनिकाच्या टोपाला ती जवळजवळ ठेवलेलीच नाही. नेमक्या याच फरकामुळे बनावट करणाऱ्याला एक सोपी वाट सापडते. पायदळाचा अस्सल टोप घ्यायचा, त्याची कड कापायची, घासायची आणि वरून जुनाट दिसेल असा रंग द्यायचा. पोलाद खरे आणि त्याच काळातले असल्यामुळे असा टोप हातात घेताच फसायला होते.

म्हणून टोप उलटा करून चांगल्या उजेडात पाहावा. पायदळाच्या टोपाचे अस्तर तीन खिळ्यांनी बसवलेले असते आणि दोन्ही बाजूंना हवेसाठी एकेक छिद्र असते. १९३८ च्या टोपाचे अस्तर आणि हनुवटीचे पट्टे चार बोल्टांवर बसतात, आणि हवा त्या पोकळ बोल्टांमधूनच खेळते. वेगळी छिद्रे नसतात. कापून बनवलेल्या टोपात जुनी छिद्रे बुजवलेली असतात. बाहेरून ती दिसत नाहीत, कारण तिथे घासून रंग दिलेला असतो. आतून मात्र बोटाचे टोक हळूहळू फिरवले तर पत्र्याला बारीक उंचवटा किंवा खळगा लागतो, आणि तिरप्या उजेडात त्या जागी गोल सावली उमटते. माझ्या मते ही परीक्षा इतर सगळ्या परीक्षांच्या आधी करावी.

त्यानंतर आकडे जुळवावेत. पत्र्याच्या आतल्या बाजूला कारखान्याची खूण आणि टोपाच्या आकाराचा क्रमांक ठोकलेला असतो. ‘ईटी’ ही जर्मनीतल्या थाले येथील कारखान्याची खूण आणि तिच्याजवळ ६६, ६८ किंवा ७१ असा आकडा. अस्तराच्या चामड्यावरही शिक्का असतो, आणि त्यात डोक्याच्या मापासोबत ते अस्तर कोणत्या क्रमांकाच्या टोपासाठी आहे तेही लिहिलेले असते. पत्र्यावर ६८ आणि चामड्यावर ७१ असेल, तर दोन टोपांचे मिळून एक केलेले आहे, हे उघड आहे. बोल्टांच्या खाचा ताज्या खरवडलेल्या असल्या, तर अस्तर अलीकडेच कोणीतरी काढले आहे असे समजावे. आपण स्वतः मात्र ते उघडण्याच्या फंदात पडू नये. वाळलेले चामडे बोल्टाभोवतीच फाटते, आणि मग अस्सल टोपही अर्ध्या मोलाचा होतो.

गरुडाच्या चित्रावर सर्वांत कमी विसंबावे. चित्र नंतरही लावता येते. त्याच्या कडेने रंगाचा ओरखडा जात असेल, तर तो चित्रावरूनही तसाच पुढे जातो का, एवढे भिंगाखाली पाहावे. ओरखडा चित्राच्या कडेला येऊन थांबत असेल, तर चित्र ओरखड्यानंतर आले आहे.

प्रश्न : माझ्याकडे उडीचा झगा, म्हणजे छत्रीसैनिक उडीच्या वेळी अंगावर चढवत तो सैल अंगरखा, आहे. अतिनील दिव्याखाली धरला तर कापडही चमकत नाही आणि धागाही चमकत नाही. आता तो अस्सल मानायला हरकत नाही ना?

उत्तर : हरकत आहे. कापड उजळ दिसावे म्हणून वापरली जाणारी चकाकीची रसायने युद्धानंतर सर्रास आली, म्हणून चमकणारा धागा संशयास्पद ठरतो, इतकेच त्या दिव्याने सिद्ध होते. शिवाय अस्सल झगा कोणी अलीकडच्या साबणात धुतला असेल, तर तोही चमकतो. उलट, जुना सुती धागा वापरून काल शिवलेला झगा अंधारातच राहतो.

झग्याच्या बाबतीत कापड खरे आणि शिवण खोटी, हा प्रकार मी जास्त धोक्याचा मानतो. जर्मन सैनिकांना मिळणारे त्रिकोणी तंबूचे कापड आजही सापडते. त्यावर ‘स्प्लिंटर’ म्हणून ओळखली जाणारी टोकदार तुकड्यांची छपाई असते, आणि तेच कापून झगा शिवतात. तंबूचे कापड दोन्ही बाजूंनी छापलेले असते, तर झग्याचे कापड सहसा एकाच बाजूने. म्हणून आतली बाजू उलटून पाहावी. आतही तीच नक्षी दिसली किंवा भलत्याच ठिकाणी बुजवलेली काजी, जोड दिलेली पट्टी दिसली, तर तो झगा मुळात तंबू होता.

रचनाही तपासावी. सैनिक हा झगा पट्ट्यावर आणि साहित्यावरून चढवत असे, कारण उडी मारताना दोऱ्यांत काही अडकू नये. सुरुवातीचे नमुने पाय घालून चढवण्याचे होते. जमिनीवर उतरल्यावर झगा उतरवून साहित्य पुन्हा बाहेरून बांधावे लागे. ही अडचण ओळखून पुढच्या नमुन्यात समोरून पूर्ण उघडण्याची आणि खालचे टोक टिचबटणांनी मांड्यांभोवती गुंडाळण्याची सोय आली. त्यामुळे विक्रेता जुना नमुना म्हणत असेल आणि झगा वरपासून खालपर्यंत उघडत असेल, तर त्याला थांबवून हे विचारावे. छातीवरच्या गरुडाची कडही किंचित उचलून पाहावी. खालचे कापड भोवतालच्या कापडाइतकेच उडालेले असेल, तर गरुड अलीकडे आला आहे.

प्रश्न : छत्रीसैनिकाचा बिल्ला अस्सल आहे हे कसे ओळखावे, आणि त्यावरची काळसर झाक काढावी का?

उत्तर : वायुदलाचा हा बिल्ला १९३६ सालचा. झेपावणारा गरुड आणि भोवतालचे पर्णचक्र असे त्याचे दोन वेगळे भाग असतात आणि ते रिव्हेटने जोडलेले असतात. मागून दोन रिव्हेट दिसायला हवीत. गरुड आणि चक्र एकाच ओतकामातले असतील आणि रिव्हेटच्या जागी नुसते उंचवटे असतील, तर पुढे पाहण्याची गरज नाही. भिंगाखाली पिसांच्या रेषा स्पष्ट हव्यात. मऊ, वितळल्यासारख्या रेषा आणि बारीक बुडबुडे ही साच्यात ओतलेल्या नकलेची लक्षणे आहेत.

युद्धाच्या उत्तरार्धात हे बिल्ले जस्ताचे बनू लागले, आणि जस्तावरचा मुलामा फार टिकत नाही. राखाडी, निस्तेज बिल्ला पाहून निराश होऊ नये. उलट जस्ताचा बिल्ला नव्यासारखा सोनेरी असेल तर जपून राहावे. झाक काढू नये. पॉलिशने राहिलासाहिला मुलामा जातोच, आणि गरुडाच्या पंखाखाली, जिथे बोट पोचत नाही, तिथला मूळ मुलाम्याचा अवशेषही जातो. मी कोणताही जस्ताचा बिल्ला पाहताना भिंग आधी त्याच जागी धरतो.